नुसतं मोजणारा मास्तर

मंगळवार, १४ तारीख
दुपार

ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. एकदा तर पेन आणायला बाहेर पडलो आणि चप्पल घेऊन परत आलो. तू बरी असशील, पार्लर जोरात असेल. भाऊजींचं घोरणं कमी झालं का? त्यांना म्हणावं, पोट उतरवा. हे फुकट सांगतोय, एरवी सांगायचे पैसे घेतो.

धंदा कसा चाललाय, असं विचारलंस. बोटीवर भांडी घासली, गोदामात ओझी उचलली, तू मला भिंगरी म्हणतेस ते उगाच नाही, पण लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेण्यात मन रमलं, हे खरं. तू बजावलेलं सगळं पाठ आहे. वेळ ठरवून घे. पैसे आधी घे. गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शीक. आणि पार्लरवालीने प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर स्वतःचे केस कापायचे नसतात. तेव्हा मी हसलो होतो.

तेच केलं गं मी. जो तो म्हणायचा, "मास्तर, तुम्हीपण करा ना, हुरूप येतो." मग सगळ्यांबरोबर जोर, सगळ्यांबरोबर वजनं. नाही म्हटलं तर दुसरा मास्तर बघतील, ही भीती. त्यांची पोटं उतरली की नाही कोण जाणे, माझा उजवा खांदा कामातून गेला. केस विंचरायलाही हात वर जात नाही. डॉक्टर म्हणाले, वजन उचलणं बंद. मी हो म्हणालो आणि तिथूनच कामावर गेलो.

कोणाला सांगितलं नाही. हात गेलेला मास्तर कोण ठेवेल? हात खिशात घालून आकडे म्हणायला लागलो. माझ्या एक गिऱ्हाईक आहेत, शिंपीणकाकू, त्या म्हणाल्या, "हल्ली नुसते मोजता. तेवढं तर माझा नातूपण मोजतो, आणि त्याला चहा लागत नाही." नंतर त्यांनी बोलावलंच नाही.

घरमालकिणीच्या मांजरीला पिल्लं झालीत. एक माझ्या बुटात झोपतं. ते असू दे.

एक ड्रायव्हरकाका आहेत. आयुष्यभर बस चालवली, आजारपणात पाय गेले. त्यांना पुन्हा उभं करायला मुलीने मला ठेवलं. ते खुर्चीतून उठायचे, मी त्यांच्यामागे, धरायला तयार. "मास्तर, गिअर मी टाकतो, ब्रेक तुमच्याकडे," म्हणायचे. शुक्रवारी उठले, चालले आणि उजवीकडे कलले. माझा हात उठलाच नाही. माझ्यासमोर पडले, मनगट मोडलं.

मुलगी धावत आली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात काका जमिनीवरूनच म्हणाले, "माझाच पाय अडखळला. मास्तरांनी धरलं म्हणून एवढ्यावर निभावलं."

मुलीने माझे आभार मानले, ताई. आणि मी म्हणालो, असू द्या.

तेव्हापासून गेलो नाही. फोन बंद करून ठेवलाय. काकांना खरंच तसं वाटलं, की त्यांनी मला सांभाळून घेतलं, काही कळत नाही. खरं बोललो तर हे काम जाईल, आणि अशी गोष्ट सगळीकडे पसरते. नाही बोललो, तर पुन्हा त्यांच्यामागे हा असला हात घेऊन उभं राहायचं. पुढच्या वेळी मनगटावर भागेल का? दुसरं काही मला येत नाही, आणि जे येतं ते आता होत नाही. तू चार माणसं सांभाळतेस, तूच सांग, काय करू?

थांब. खाली टॅक्सी थांबली.

काकाच आहेत. हाताला प्लास्टर, एकटेच. मुलीला न सांगता आलेले दिसतात. सीटवरून उठायला बघतायत, जमत नाहीये. मी खिडकीत दिसल्यावर म्हणतात, "मास्तर, सुट्टी संपली का? या, धरा जरा."

टॅक्सीवाला मोबाईलमध्ये डोकं घालून बसलाय. धरायला मीच आहे. जातो.

तुझाच,
भिंगरी