गोदा हळू सांगायची

संगमेश्वर,
१२ ऑगस्ट २०२४

ती. प्रेमलामावशीस,
श्रुतीचा सविनय जयभीम. वि. वि. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानेच भरतेस, म्हणून पत्र.

माझ्या तिसरीत सहा मुलं वाचनात मागे आहेत. त्यांना रोज गोल करून गटात घेते. नबीला आणि गोदा एकाच पुस्तकावर बसतात. नबीलाला अक्षर ओळखता येत नाही, पण आवाज खणखणीत. गोदाला थोडंथोडं येतं, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. मग गोदा कानात हळूच सांगते आणि नबीला मोठ्याने वाचते. लबाड कुठल्या! काय करू? तू जन्मभर मुलं शिकवलीस, तूच सांग.

तुझी श्रुती

रत्नागिरी,
२० ऑगस्ट २०२४

चि. श्रुतीस,
अनेक आशीर्वाद. माझ्या कानांचा विषय काढू नकोस, डोळे शाबूत आहेत.

अगं, आधी दोघींना वेगळं बसव. गटाचा वेळ कमी कर आणि नबीलाला एकटीला व्हरांड्यात घेऊन बस. गोदा निभावेल. गप्प मुलांचा कधी त्रास नसतो. आणि मला आरे-वारेच्या समुद्रावर न्यायचं कबूल करून वर्ष झालं, आठवतंय ना?

माया आहेच, ती आटवू नकोस.
प्रेमलामावशी

संगमेश्वर,
२ डिसेंबर २०२४

ती. मावशीस,
सविनय जयभीम. तू म्हणालीस तसं दोघींना वेगळं बसवलं आणि नबीला वाचायला लागली. तपासणीला आलेल्या साहेबांसमोर अख्खा धडा वाचला. मी हवेत होते.

गटात गोदा मात्र मुकीच झाली. विचारलं की मान खाली. मला वाटलं, हिला थोडं येत होतं तेही गेलं, आणि तिच्या आईला तसं कळवलंसुद्धा. दिवाळीनंतर ती आलीच नाही. लोटे या कारखान्यांच्या गावी तिचे मामा-मामी राहतात, दोघं कंपनीत जातात, त्यांचं तान्हं सांभाळायला पाठवलीय. डोकं चालत नाही तर हात तरी कामी येतील, असं आई म्हणाली. माझंच बोलणं गं ते! फार लागलं.

काल नबीलाला घेऊन लोट्याला गेले. नबीलाने गोदासमोर पुस्तक उघडलं आणि ओळीवर बोट ठेवलं. ते पान तिला आता घडाघडा येतं. तरी कान गोदाकडे करून थांबली. गोदाने पान बघितलं. तुला आता येतं ना, एवढंच म्हणाली आणि बाळ रडतंय म्हणून आत गेली.

रविवारी पुन्हा जाणार आहे. तूही चल. आरे-वारे राहू दे.

रागाव, पण माया कमी करू नकोस.
तुझी श्रुती