चाळीस सेकंदांचं मशीन

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा तेच! काल लेकीचा फोन ठेवला, आणि मग ह्यांचं मशीन बोललं — "पाठीचं दुखणं थांबलं का गं? खुर्ची बदललीस का?" ऐकायला उरले मी एकटी. मी कुठली खुर्ची बदलू!

ह्यांनी कीबोर्ड पुढे ढकलला आणि खिडकीकडे तोंड करून बसले. मी म्हटलं, अहो, मी विचारलं तिला, बरी आहे ती. नुसती मान हलवली.

५ नोव्हेंबर, बुधवार

घशाच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली. आवाजाची पेटीच काढली. त्याआधी महिनाभर ह्यांच्या बसस्टँडवरच्या एका खटपट्या सहकाऱ्याने ह्यांना बंद खोलीत बसवलं, हजारो वाक्यं वाचून घेतली आणि कॉम्प्युटरमध्ये भरली. आता हे टाइप करतात. मशीन त्या साठ्यातून तुकडे उचलतं, जोडतं आणि ह्यांच्याच आवाजात बोलतं. तेवीस वर्षं ह्यांनी स्टँडवर गाड्या पुकारल्या. त्यामुळे "आमटीत मीठ कमी आहे" हेसुद्धा असं ऐकू येतं की वाटावं, आमटी फलाट क्रमांक चारवर लागली आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसता हसता रडले मी.

आवाज अगदी तोच. पण चाळीस सेकंद लागतात. घड्याळ लावून मोजलेत. तेवढा वेळ पडदा गोठतो, पुढचं अक्षरही उमटत नाही. पाटी आहे, पण पाटीवर "चहा", "पंखा बंद", "हो" एवढंच होतं. पाटीवर कधी कुणी भांडलंय?

आणि चाळीस सेकंद गप्प कोण बसतं? मी तर नाहीच. मग मीच बोलते. सत्तावीस वर्षांचा संसार आहे, ह्यांना काय म्हणायचंय ते मला कळतं. खरं तर आवाज होता तेव्हाही ह्यांची निम्मी वाक्यं मीच पुरी करायचे. ह्यांची बोलण्याची गतीच मुळी एसटी घाटात चढावी तशी!

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुकानातून येताना कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मशीनवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "काकू, तुमचा प्रोसेसर एका कोअरचा आहे. एकाच माणसाने पोळ्या लाटायच्या आणि दारही उघडायचं, असं चाललंय. ड्युअल कोअर टाका. एकजण आवाज जुळवेल, दुसरा टायपिंग घेईल."

प्रोसेसर ज्यात बसतो तो बोर्ड जुनाच चालेल म्हणाला. नवा प्रोसेसर मागवायला सांगितला. बसवायला माणूस दोन आठवडे मोकळा नाही. म्हटलं, मीच बसवीन. तो हसला. मी म्हटलं, चष्म्याच्या दुकानात मागे बसून एकोणीस वर्षं काड्यांचे स्क्रू बसवतेय मी, तुझे स्क्रू त्यापुढे खिळे आहेत. मग नाही हसला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रिपोर्ट चांगला नाही.

मानेत गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, काढायला हवी, आणि लवकर. पण गाठ हाताकडे जाणाऱ्या नसेला चिकटली आहे. नस दुखावली तर उजवा हात खांद्यापासून उचलता येणार नाही, कदाचित कधीच. नाही काढली तर? डॉक्टरांनी पेन फिरवलं बोटांत. म्हणाले, वर्ष. कदाचित थोडं जास्त.

उजवा हात. म्हणजे टायपिंग, ते ह्या एकाच हाताने चालतं. म्हणजे आवाज, दुसऱ्यांदा.

ह्यांनी पाटी घेतली, लिहायला लागले. वेळ लागत होता. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते, बाहेर वीस माणसं. मी म्हणाले, "करू या डॉक्टर. आमचा होकार आहे." डॉक्टरांनी लिहून घेतलं. तारीख कळवतो म्हणाले, पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी फोन करतो.

ह्यांनी पाटी पुसली. काय लिहिलं होतं ते मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं का? दुसरं काय लिहिलं असणार!

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रोसेसर आला. पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरासा मोठा. पोटाला नऊशेच्या वर पिना. हे एवढंसं माझ्या नवऱ्याला वेळेवर बोलायला लावणार!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकान बंद, माझी सुट्टी. सकाळी मशीनचा डबा उघडला. आत दोन वर्षांची धूळ, पंख्यावर लोकरीसारखी. हे शेजारी टॉर्च धरून. पंखा काढला, त्याखालची वाळलेली पेस्ट स्पिरिटने पुसली, प्रोसेसर धरून ठेवणारी दांडी वर केली, जुना प्रोसेसर उचलला आणि चष्म्याच्या रिकाम्या डबीत ठेवला. नव्याची एक पिन वाकडी निघाली! चिमट्याने सरळ केली. श्वास रोखून. ह्यांनी टॉर्चच्या उजेडात माझ्या हाताकडे बघितलं आणि अंगठा वर केला. कित्येक दिवसांनी बरं वाटलं मला.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.

पुन्हा दाबलं. काळाच. दुपारी चारपर्यंत काळा.

ह्यांनी पाटीवर लिहिलं — "माझी वाक्यं?" मी म्हटलं, काही होत नाही त्यांना, ती डिस्कवर आहेत. आवाज ठाम काढला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मशीनवाला म्हणाला, "अरे देवा, काकू, बोर्डाचा आतला प्रोग्राम, बायोस, अपडेट केला नाहीत? बोर्ड जुना आहे, त्याला दोन कोअर म्हणजे काय तेच माहीत नाही. आधी जुना प्रोसेसर परत लावा, त्याच्यावर मशीन चालू करा, बोर्डाला नवीन प्रोसेसरची ओळख करून द्या, मग बदला." पेनड्राइव्हवर फाइल दिली. हे आधी सांगायला काय झालं होतं मेल्याला!

तर डबीतला जुना परत लावला. चालू झालं! अपडेट होताना वीज जाऊ नये म्हणून मी आणि हे दोघं पडद्यासमोर हात जोडल्यासारखे बसलो. नाही गेली. मग पुन्हा काढा, पुन्हा पुसा, पुन्हा पेस्ट. आता मला डोळे मिटूनही जमेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

चाललं! चाललं!!

तीन सेकंद. टाइप करता करता बोलतं. पहिलं वाक्य — "अगं, तुझ्या केसांत धूळ आहे." मी ढसाढसा रडले. मग हे थांबेचनात. शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर बोलले, माझ्या इस्त्रीवर बोलले, दोन वर्षांपूर्वी मी विकून टाकलेल्या सायकलवर बोलले! ती सायकल विकायची नव्हती म्हणे. मग तेव्हा का नाही सांगितलं? "सांगत होतो. तू ग्राहकाला चहा देत होतीस."

संध्याकाळी लेकीचा फोन. स्पीकरवर लावून दिला आणि मी स्वयंपाकघरात गेले, म्हटलं बोलू देत बापलेकीला. लेक हसत होती. एवढी हसलेली ऐकली नव्हती मी. मग हसणं थांबलं. मशीनचा आवाज, गाडी पुकारल्यासारखा, भिंतीपलीकडून — "आईने परस्पर हो सांगून टाकलं. मला कुणी विचारलंच नाही. हात माझा आहे. मला ऑपरेशन —"

मी आत गेले. फोन उचलून स्पीकर बंद केला. लेकीला म्हटलं, बाबा दमलेत, उद्या बोल.

ते वाक्य मला पुरं ऐकायचं नव्हतं. मला कळलं होतं पुढे काय ते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुकानातून घरी तीनदा फोन लावला. तासभर एंगेज. लेकीशीच बोलत असणार. दोघं मिळून माझ्याविरुद्ध ठरवताहेत.

एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

भांडण. खरंखुरं, दोन्ही बाजूंनी. मशीनचा आवाज वाढवता येतो हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, हात गेला तर मी भरवीन, मी लिहीन, मी बोलीन! हे म्हणाले, "तेच तर." मी म्हटलं, तेच तर म्हणजे काय? म्हणाले, "तू ऐकत नाहीस. दुकानातून येतेस ती धुमसतच येतेस. शुक्रवारी तुझी सुट्टी आहे. निवांत बसू. मला तुला काही सांगायचंय. मध्ये बोलायचं नाही."

शुक्रवारी! शुक्रवारी डॉक्टरांचा फोन यायचा आहे. तेव्हाच सांगणार, त्यांच्यासमोर. नको म्हणून. एक वर्ष बोलत बोलत जाईन म्हणून. आणि मग मी काय करू? आवाज ऐकत बसू रिकाम्या खोलीत?

मीच आणला हा प्रोसेसर. मीच पिन सरळ केली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी हे फिरायला जातात. साडेपाच ते सव्वासहा. दुकानातून लवकर आले, डोकं दुखतंय म्हणून.

डबा उघडला. दांडी वर केली. नवा काढला, डबीतला जुना बसवला. पेस्ट, पंखा, चार स्क्रू. अर्धा तासही नाही लागला. चालू करून बघितलं, "अ" टाइप केलं. चाळीस सेकंद. बरोबर चाळीस.

बंद केलं. हात साबणाने धुतले. आरशात बघितलं नाही.

ऑपरेशन होऊन जाऊ दे. मग परत बसवीन. मग मला काय हवं ते बोलू देत, शिव्या घालू देत. पण असू देत. मला माणूस हवाय. चोरी वाटली तर वाटू दे.

हे आले, येताना माझ्यासाठी डोकेदुखीची गोळी घेऊन आले. पाटीवर लिहिलं, "झोप. उद्या बोलू."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दहा वाजता डॉक्टरांचा फोन. उचलल्या उचलल्या मी म्हणाले, "आमचा होकार कायम आहे डॉक्टर, तारीख सांगा."

डॉक्टर म्हणाले, "अहो, ते ठरलंय की. तुमच्या मिस्टरांनी सोमवारी स्वतः फोन केला होता. तासभर बोललो आम्ही, हाताचं सगळं विचारून घेतलं आणि मग हो म्हणाले. तुम्हाला सांगितलं नाही? मला म्हणाले होते, हिला तुम्ही सांगू नका, शुक्रवारी मीच सांगेन, माझ्या तोंडाने."

मागे वळले. हे खुर्चीत बसले होते, बोटं कीबोर्डवर. पडदा गोठलेला होता.