दबक्या आवाजातलं गीत

जेद्दा, शुक्रवार संध्याकाळ

ती बेल! अजून छाती धडधडतेय, आणि हसूही येतंय.

आज माझ्या मैत्रिणीच्या, अलकाच्या बाळाचा बाप्तिस्मा झाला, माझ्याच हॉलमध्ये. इथे चर्च नाही, उघड उपासनेला परवानगीही नाही. आम्ही चार-पाच मराठी अँग्लिकन कुटुंबं घरीच उपासना करतो, दबक्या आवाजात. शेजारी काय म्हणतील, ही धास्ती कायमची. पाहुण्या पाळकांनी काचेच्या वाडग्यातलं पाणी बाळाच्या डोक्यावर ओतलं, आम्ही गीत धरलं, आणि आनंदात आवाज चढला. कुणाचा? माझाच का? तेवढ्यात बेल वाजली.

गीत तिथंच तुटलं. मी दार उघडलं. समोर शेजारच्या खदीजाभाभी, आपल्या रत्नागिरीच्या, हातात वाफवलेल्या गोड सांदणांचं ताट.

"दर शुक्रवारी भिंतीला कान लावून ऐकते मी," त्या म्हणाल्या. "आज छान रंगलेलं, मधेच का थांबलात?"

अलका रडायलाच लागली. भाभींनी बाळाला मांडीवर घेतलं. आम्ही गीत पहिल्यापासून म्हटलं, मोकळ्या गळ्यानं. एवढी वर्षं उगाचच घाबरलो का?

पाळकांनी आशीर्वाद दिला तेव्हा बाळ भाभींच्या मांडीवर गाढ झोपलं होतं. त्याला उचलायला कुणाचंच मन होईना.