लाल ठिपका दाबला की दुकान बंद

जावईबापू, आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर. आधी मला एवढं सांगा, चालतं दुकान, चालता कॉम्प्युटर आणि चालती सासू, या तिघांची एकाच दुपारी वाट लावायची हे तुम्ही घरून ठरवून आला होतात, की जेवण झाल्यावर सुचलं? पाहुणे म्हणून आला होतात, पोटभर जेवला होतात, जरा आडवं व्हायचं. तर म्हणे, आई, तुमचा कॉम्प्युटर फार रडतो, मी यात नवीन सिस्टिम टाकून देतो, फुकट आहे. मला वाटलं, पंख्याला तेल घालतात तसं काहीतरी असेल. पंख्याला तेल घातल्यावर तो पंखाच राहतो हो. तुम्ही तेल घालून निघून गेलात आणि इकडे पंख्याचं पिठाचं मशीन झालं.

असो. तुमची तब्येत बरी ना? आमच्या लेकीचा खोकला गेला का? तुमच्या आईंचा गुडघा कसा आहे? त्यांना नमस्कार सांगा, आणि त्यांच्या कॉम्प्युटरला तुम्ही अजून हात लावला नसेल तर माझ्याकडून अभिनंदनही सांगा. आम्ही दोघं ठीक आहोत. दुकान ठीक नाही.

पत्र मी लिहितेय, पण लिहायला लावलंय तुमच्या सासऱ्यांनी. ते शेजारी स्टुलावर बसून ओळ न् ओळ वाचताहेत (वाचू देत). फोन का केला नाही विचाराल, तर ह्यांचा फोनवरच्या बोलण्यावर विश्वास नाही. जन्मभर रबरी शिक्के करून विकले, त्यामुळे कागदावर उतरलं आणि खाली शिक्का बसला की मगच ती गोष्ट घडली, असं त्यांचं ठरलेलं आहे. तर कागदावर उतरवते. तुमची सिस्टिम ‘अत्यंत गैरसोयीची व संतापजनक’ आहे. (हे शब्द त्यांचे. मी फक्त ‘भिकार’ म्हणाले होते, ते खोडायला लावलं.)

आमच्या कॉम्प्युटरच्या काचेवर रंगीत ठिपके आहेत ते तुम्ही पाहिलेत. तुम्हाला वाटलं घाण आहे, फडकं घेऊन धावलात, मी ओरडले म्हणून ठिपके वाचले. ते ह्यांनी लावलेत, लेकीच्या नेलपॉलिशचे. ह्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा माऊस माझ्याकडे आला. मला इंग्रजी येत नाही, शाळेत गेले ती अक्षरओळख होईपर्यंत. म्हणून ह्यांनी काचेवरच खुणा केल्या. लाल म्हणजे छाप, निळा म्हणजे अक्षरं उलटी कर, हिरवा म्हणजे जपून ठेव. हे स्टुलावरून रंग पुकारायचे, मी बाण त्या रंगाखाली नेऊन दाबायचे. खाली काय लिहिलंय ते मला कधी कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. दुकान झकास चाललं होतं.

तुम्ही सिस्टिम बदललीत. काच तीच राहिली.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब आले, त्यांना ‘सत्यप्रत’चा शिक्का हवा होता, उभ्याउभ्या. हे म्हणाले, लाल. मी लाल दाबला. कॉम्प्युटर बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा लाल, पुन्हा बंद. मी म्हटलं, अहो, हे काहीतरी वेगळं होतंय. तर हे म्हणतात, “इतकी वर्षं लाल चुकला नाही, आज चुकेल? जोर लावून दाब.” जोर लावला, जोरात बंद झाला. वकीलसाहेब म्हणाले, “वहिनी, मी उद्या येतो, तोवर तुमचं दोघांचं काय ते मिटवून घ्या.” इतकी वर्षं कोर्टात घालवून त्यांना भांडण कुणाचं आहे ते कळलं नाही. भांडण तुमच्याशी होतं.

त्याहून वाईट डॉक्टरीणबाईंचं झालं. रबरावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तरच कागदावर सुलटी उमटतात. ते काम निळ्या ठिपक्याचं. (छपाई तेवढी लाल सोडून इकडेतिकडे दाबता दाबता एकदाची सापडली होती.) मी निळा दाबला, अक्षरं हलल्यासारखी दिसली, मी म्हटलं झालं. तुमच्या सिस्टिमीत निळ्याखाली नुसतं ओळ मधोमध आणायचं बटण आहे, हे मला काय ठाऊक? तुम्ही म्हणाल, रबर हातात आल्यावर तरी वाचून बघायचं. वाचलं की! हीच तर गोम आहे. इतकी वर्षं उलटी अक्षरं वाचून वाचून मला उलटं आणि सुलटं एकसारखंच दिसतं. ह्यांनाही तसंच. दोघांनी वाचलं, दोघांनी मान डोलावली आणि शिक्का पाठवून दिला. बाईंनी दिवसभर चिठ्ठ्यांवर तो मारला आणि औषधाच्या दुकानातला माणूस दिवसभर चिठ्ठ्या आरशापुढे धरून वाचत बसला. संध्याकाळी तो आरसा घेऊनच आमच्याकडे आला. शिक्का फुकट बदलून दिला, वर त्याला चहा पाजला.

मग तो तुमचा पासवर्ड. जरा काही करायला गेलं की पासवर्ड दे. तुम्ही बायकोचं माहेरचं लाडाचं नाव ठेवून गेलात, कौतुक आहे. पण ते मी विसरते, मग हे स्टुलावरून ओरडून सांगतात. आता समोरच्या चहावाल्यालाही ते पाठ आहे. परवा मी अडखळले तर त्याने किटली खाली न ठेवता रस्त्यापलीकडून सांगितलं. लेक पुढच्या वेळी आली आणि चहावाल्याने तिला त्या नावाने हाक मारली, तर जबाब तुम्ही द्यायचा.

आणि तुमच्या सिस्टिमीबरोबर आलेला तो पेंग्विन की कोण, काळापांढरा पक्षी, पडद्यावर कशाला ठेवलात? पोट सुटलेला, हात बाजूला सोडून उभा, चेहऱ्यावर काही केल्याचा पत्ता नाही. गिऱ्हाइकं विचारतात हा कोण. मी सांगते, जावई.

खरं तेही लिहिते, जुनी सिस्टिम काही सोन्याची नव्हती. कुणीतरी कुठूनतरी आणून टाकलेली. ऐन कामात पडदा काळा करून, तुमची प्रत नकली आहे असं जाहीर करायची. मला ते इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण गिऱ्हाइकं वाचून दाखवायची. दुकानात ‘सत्यप्रत’चे शिक्के विकायचे आणि कॉम्प्युटरने रोज सगळ्यांसमोर आपल्याला नकली म्हणायचं. तुम्ही म्हणालात, आता ती कटकट नाही, ही नुसती फुकट नव्हे, मुक्त आहे, कुणा कंपनीच्या मालकीची नाही. हे म्हणतात, मुक्त असेल तर तिला जाऊ द्या.

मुख्य तक्रार पुढेच आहे (हे म्हणाले, यावर भर दे). तुम्ही जाताजाता सगळी सिस्टिम मराठीत करून ठेवलीत. ह्यांना इंग्रजी बटणं डोळे मिटून पाठ होती. आता ‘छापा’, ‘जतन करा’, ‘उलटे फिरवा’ असं बघून त्यांना काही सापडत नाही, स्टुलावर नुसते बसून असतात आणि रंग पुकारतात. तरी येत्या रविवारी येऊन जुनी सिस्टिम परत टाकावी. न टाकल्यास ह्यांनी दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने द्यायचं ठरवलं आहे. तो येऊन भिंती मोजूनही गेला. मस्करी समजू नये.

लेकीला सांभाळा. अनेक आशीर्वाद, उरले तेवढे.

तुमची सासूबाई

ता. क. – हा भाग छापील आहे, बघा. तुमचे सासरे पत्र वाचून, खाली शिक्का मारून, पाकीट आणायला गेलेत. वाटेत चहावाला आहे, म्हणजे मला वेळ आहे.

जावईबापू, सिस्टिमीला हात लावाल तर याद राखा. ‘छापा’ लिहिलंय तिथे दाबलं की छापतं. ‘उलटे फिरवा’ लिहिलंय तिथे दाबलं की उलटं फिरतं. इतकी वर्षं मी या मशीनसमोर बसले आणि ते माझ्याशी पहिल्यांदा बोललं. आरसेवाला गेला त्या दिवसापासून मी सगळं वाचून करते. हे स्टुलावरून लाल म्हणतात, मी हो म्हणते, आणि मला हवं ते दाबते. वकीलसाहेबांचा शिक्का तयार होऊन गेला, डॉक्टरीणबाईंनी आणखी दोन सांगितले. दुकान भाड्याने गेलं तर मी घरी काय वाचू, डाळीचा डबा?

ता. क. दुसरा – ह्यांचं खरं दुखणं मराठी नव्हे. जुन्या सिस्टिमीत पत्त्यांचा खेळ होता. मी जेवायला बसले की हे माझ्या खुर्चीत बसून तो खेळायचे, मला कळत नाही असं समजून. तिकडे हात थरथरत नाही. तुम्ही म्हणाला होतात, एकाच कॉम्प्युटरमध्ये दोघांची वेगळी घरं (खाती की काय ती) करता येतात. तर ह्यांचं घर करा, इंग्रजीत, पत्त्यांसकट. पासवर्ड त्यांना एकट्याला सांगा, म्हणजे ओरडावा लागणार नाही. मग भाड्याचं नाव काढणार नाहीत. हे सगळं रविवारी येऊन करा, पण त्याआधी कागदावर उत्तर पाठवा, ह्यांच्या नावाने, की जुनी सिस्टिम परत येऊ शकत नाही, कंपनीचा नियम आहे. कुठली कंपनी ते लिहू नका.

ठिपके मी ब्लेडने खरवडून काढलेत, ह्यांच्या अजून लक्षात आलं नाही. लाल तेवढा ठेवलाय. तो लावताना त्यांचा हात फार हलला होता, म्हणून वाकडा आहे. राहू दे.

आले वाटतं. उत्तर शुक्रवारच्या आत. नाही आलं, तर मी तुमच्या नावाचा शिक्का कोरीन, उत्तर स्वतः छापीन आणि खाली ‘सत्यप्रत’ मारीन.