तू शिवून दिलेली बाही

आई,

गेले काही दिवस इथे आखातात फोन मधेच हल्ल्याचा इशारा देत किंचाळतो आणि आम्ही तिघं खिडक्यांपासून लांब, पॅसेजमध्ये जाऊन बसतो. वर कुठेतरी दणका होतो, काचा थरथरतात, मग दुसरा मेसेज येतो की आता ठीक आहे, आपापल्या कामाला लागा. लोक लागतातही. मीही मुसफ्फाला, कारखान्यांच्या वस्तीत, ऑफिसात जाते, खाली वर्कशॉपमध्ये वेल्डिंग चालूच असतं. पण माझं चित्त थाऱ्यावर नाही. फोडणी टाकते आणि गॅस बंद करते, पुन्हा लावते. परवा पॅसेजमध्ये बसल्या बसल्या तुझ्या नातवाला कुवेतची गोष्ट सांगितली. मी त्याच्याहून लहान होते तेव्हा, आणि शेजारचा मोठा देश एका रात्रीत कसा आत घुसला, ते. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "सो दे लॉस्ट. देन व्हाय फाइट ॲट ऑल?" तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस.

बाबा आजोबांच्या आजारपणासाठी मिरजेला गेले होते, आपण दोघीच होतो. जहराच्या रस्त्याजवळचं ते घर आणि बाहेरच्या खोलीतलं तुझं शिलाई मशीन. जवळच्या छावणीतले कुवेती शिपाई तुझ्याकडे पँटी आखूड करायला, बिल्ले शिवायला यायचे. त्यातला एक हडकुळा तुला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा, बाजारात शिकलेलं मोडकंतोडकं हिंदी बोलायचा आणि तुझ्या हातचा चहा प्यायल्याशिवाय जायचा नाही. त्या सकाळी हायवेवरच्या पुलाच्या बाजूने आवाज सुरू झाले. मी बघायला खिडकीकडे धावले आणि तू मला थोबाडीत मारलीस, जन्मात एकदाच. मग मला जवळ ओढून जमिनीवर बसून राहिलीस. खालच्या लाँड्रीवाल्याने जिन्यातून ओरडून सांगितलं की अर्धी फौज रजेवर आहे, पण जे होते ते रणगाडे घेऊन बाहेर पडलेत, हायवेवरून येणाऱ्यांवर गोळे टाकतायत. "कितनी देर टिकेंगे?" तू विचारलंस. तो दुकानाचं शटर ओढायला खाली पळाला.

ऊन चढल्यावर दार वाजतं. तोच उभा आहे. तोंड काजळलेलं, गणवेशाची बाही खांद्यापासून उसवून कोपरापर्यंत लोंबतेय, हाताला खरचटलंय. तू काही न विचारता कपाटातून बाबांचा चौकड्याचा शर्ट आणि पँट काढतेस. बिल्डिंगमधल्या लोकांनी सकाळपासून दोघा-तिघांना असेच साधे कपडे देऊन वाटेला लावलं होतं. "ये पहन. सीधा घर जा. अम्मी राह देखती होगी." तो मान हलवतो. "कपडा नही, खाला. सुई-धागा." त्यांचे गोळे संपले होते. उरलेले रणगाडे दक्षिणेला, सौदीच्या हद्दीकडे निघाले होते, म्हणजे हातात काहीतरी शिल्लक राहील, पुन्हा लढता येईल. याचा रणगाडा बंद पडला होता, त्याला घ्यायला दुसरी गाडी रस्त्यावर थांबली होती. पण अशा लोंबत्या बाहीने जायचं नव्हतं त्याला. असा दिसलो तर लोक म्हणतील, पळून चाललाय, म्हणाला.

तू चिडलीस. "अकल है? वो कितने हैं, तुम कितने हो?"

"वो बहुत हैं. मालूम है."

"फिर?"

"घर में कोई घुसेगा तो दरवाजे पे खडा होने से पहले गिनेगा क्या, खाला?"

तू त्याच्या अंगावरचा गणवेश उतरवून घेतलास. मग मशीनवर बसलीस. सुई मोडली, दुसरी लावलीस. खाकी दोरा सापडेना म्हणून काळा घातलास. तोवर त्याने उभ्या उभ्या गूळ घातलेला पोळीचा रोल खाल्ला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गणवेश अंगात चढवून जिना उतरून गेला. तू शर्टाची घडी घालून कपाटात ठेवलीस आणि खाली पडलेले काळ्या दोऱ्याचे तुकडे वेचलेस.

नंतरचं सगळं, इराकमधून अम्मानपर्यंतच्या बसगाड्या, ती वाळू, ते विमान, यातलं तू कधी काही बोलली नाहीस. बोललीस ते एवढंच. मिरजेच्या स्वयंपाकघरात मटार सोलताना मधेच थांबायचीस. "मी शिवून द्यायला नको होतं गं. बाही फाटकी राहिली असती, तर घातला असता त्याने शर्ट." पुढे त्यांची फौज बाकीच्या देशांच्या फौजांबरोबर परत गेली, देश सुटला, तेव्हा तू टीव्हीच्या इतकी जवळ बसलीस की बाबा म्हणाले, डोळे जातील. एकेक चेहरा बघत होतीस. तो दिसला नाही. त्यानंतर दुसऱ्याचा फाटका कपडा तू हातात घेतला नाहीस, माझा शाळेचा युनिफॉर्मसुद्धा बाहेर शिंप्याकडे टाकायला लावलास. मला तेव्हा तुझा राग यायचा.

आमच्या ऑफिसात सरकारी कागदपत्रं बघणारी बाई इथलीच, अरब आहे, माझ्याच वयाची. तिचा मुलगा नुकताच लष्करी सेवेत गेलाय. काल ती माझ्या टेबलाशी येऊन बसली, फोन उताणा ठेवून, स्क्रीनकडे बघत. म्हणाली, "बोलता है, मम्मा, कॅम्प के गेट पे मत आना. सब देखते हैं." हसायला गेली आणि तिचं तोंड वाकडं झालं. इन्शाल्ला म्हणून गप्प बसायचं, तर मी तिला तुझी गोष्ट सांगून बसले. पूल, गोळे, काळा दोरा, सगळं. ती पुढे वाकून ऐकत होती. मधे दोघी कॉफी घेऊन आल्या, तिने हातानेच त्यांना जा म्हटलं.

"फिर? वो लडका बचा?"

तू गेल्यावर हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहिते. मी हो म्हणाले, आई. हद्दीपर्यंत पोचला, फौजेबरोबर परतही आला म्हणाले.

तिने डोळे पुसले. माझा हात धरून विचारलं, "तुम्हारी मम्मी को पता चला?"

मी म्हटलं, हां, पता चला.