काकूंच्या नावापुढचं ‘नको’

सोमवार
नोकरी लागली आणि ऑफिसात स्वतंत्र खोलीही मिळाली! ऑफिसची ईमेल सांभाळायची. इथली पद्धत मला फारच आवडली. डिरेक्टरीत प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने: स्पॅमची चाळणी आणि व्हायरसची. हवी की नको, ज्याचं त्यानं ठरवायचं. मेल आली की सर्व्हर आधी डिरेक्टरीत पाहतो, मग अडवतो किंवा सोडतो. शेजारच्या हिशेबखात्यातल्या काकूंनी पंख्याचं बटण दाखवलं आणि मला ‘बाळा’ करून टाकलं. तिशी ओलांडलेला बाळ!

बुधवार
सगळ्यांच्या नावापुढे ‘हवी’, फक्त काकूंच्या पुढे दोनदा ‘नको’. बिचाऱ्यांकडे टक्कल घालवणाऱ्या तेलांच्या जाहिरातींचा ढीग. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची माझी जुनी खोड. न विचारताच दोन्हीकडे ‘हवी’ करून टाकलं.

शुक्रवार
काकू आल्या त्या पांढऱ्याफटक चेहऱ्यानं. एखादी मेल अडकलीय का, विचारत होत्या. माझ्याआधी या खोलीत त्यांचे यजमान हेच काम करायचे. ते वारले, तरी त्यांच्या पत्त्यावरून रोज एक कोरी मेल येते. चाळणी ती अडवते, म्हणून ‘नको’. काकू रोज उत्तर देतात, मी बरी आहे. उत्तर मिळत राहतं तोवर हे तिथंच थांबतात, म्हणाल्या. नाहीतर बघायला येतील.

मला हसू आलं नाही. अडवलेल्या मेलींत ती होती. कोरी नव्हती. ‘कुठे आहेस?’

दोन्हीकडे पुन्हा ‘नको’ केलं, मेल सोडली. काकूंनी लगेच उत्तर धाडलं.

सोमवार
काकूंची सगळी उत्तरं परत आली. तिकडे घ्यायला कुणी नाही म्हणे. त्यांच्याकडे मात्र नवी मेल: ‘निघालो.’
काकू दिवसभर दाराकडे बघत बसल्या होत्या. मला भीती वाटतेय.

मंगळवार
काकू आल्या नाहीत. घरी फोन केला. सून म्हणाली, सकाळीच गेल्या. नात सांगतेय, आजोबा न्यायला आले होते. चपला दारातच आहेत.
माझ्यामुळे. नुसतं विचारलं असतं तर—
डिरेक्टरीत काकूंचं नाव नाही. मी काढलेलं नाही.

दुपार
माझ्या नावापुढे दोन्ही ‘नको’. कुणी केलं—
मेल आलीय. काकूंची.
‘बाळा, ऊठ. हे कामावर आलेत. ती खुर्ची ह्यांची आहे.’
उठतोय. पण उठवत नाही. मांडीवर कुणीतरी बसल्यासारखं जड—