काचेच्या बाजूला

कुरुंदा,
१० जून २०२४

ती. रुक्माअक्कास,
शेषरावचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे सर्व ठीक. तुझे कान फोनवर साथ देत नाहीत म्हणून पत्र लिहितो, आणि खरं म्हणजे मलाही कागदावरच नीट बोलता येतं. हळदीचं बेणं निवडून ठेवलं आहे.

मोठी बातमी अशी की बुद्धपौर्णिमेला आपल्या विहारात वायफाय बसलं. मागच्या खोलीत पोरं-पोरी परीक्षांचा अभ्यास करतात, त्यांच्यासाठी वस्तीनं वर्गणी केली. विहाराची किल्ली माझ्याकडं असते, म्हणून वायफायच्या पेटीची जागा मीच ठरवली. बसवायला आलेला माणूस भिंतीवर खिळा ठोकत होता. मला ते बरं वाटलं नाही. सगळ्यांच्या घामाची वस्तू, पाली फिरतात तिथं कशी टांगायची? मी ती मूर्तीच्या कपाटात ठेवली, तथागतांच्या शेजारी, ग्रंथांच्या वरच्या फळीवर. कपाट तुला आठवत असेल. समोरच्या इनायतभाईनं आपल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवून विहाराला दिलेलं, तीन बाजूंनी लोखंडी पत्रा आणि रस्त्याकडं काच, येणाऱ्या-जाणाऱ्याला दर्शन व्हावं म्हणून.

पण मागच्या खोलीत नेट येईना. आकांक्षा म्हणाली, बाबा, नुसतं चाक फिरतंय. मी बाहेर आलो तर इनायतभाईच्या ओट्यावर त्यांची लेक गुलनाज मोबाईल घेऊन बसलेली, आणि तिचं सगळं सुरळीत चाललेलं. रोज तिथंच बसायची. चारीच्या तोंडाशी कुणी पाणी वळवलं की शेवटच्या वाफ्याला येत नाही, तसंच हे. शनिवारी मी पासवर्ड बदलला. काल रविवारच्या वंदनेनंतर पंचशीलावर थोडं बोललो. दुसरं शील उलगडून सांगितलं, की जे दिलेलं नाही ते घेऊ नये, मग ते डोळ्यांना दिसत नसलं तरी आणि आपल्या ओट्यावर बसून घेतलं तरी. नाव कुणाचं घेतलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. मनाला समाधान वाटलं.

प्रमोदला आशीर्वाद. तब्येतीला जप, आणि या भावावर माया आहे तशी राहू दे.

तुझा,
शेषराव


साखरा,
१५ जून २०२४

चि. शेषरावास,
रुक्माचे अनेक आशीर्वाद व जयभीम. पत्र पावलं, दोनदा वाचलं. तू शाळेत होतास तेव्हा नवी पाटी फुटू नये म्हणून फडक्यात बांधून उतरंडीवर ठेवायचास. गुरुजी रोज ओरडायचे, अन् त्या पाटीवर तू वर्षभर एक अक्षर लिहिलं न्हाई. ते आठवून हसू आलं.

पुढचं वाचून हसू गेलं. भोंगा चालू होता का रे? मी बहिरी झाले, पण भोंगा कुठवर जातो ते मला माहीत आहे. इनायतच्या घरातली भांडी थरथरतात त्यानं. नाव घेतलं न्हाई म्हणतोस, पण ओटा तर म्हणलास. त्या गल्लीत मोबाईल घेऊन ओट्यावर बसणारी पोरगी एकच असेल तर नाव घ्यायचं राहिलंच काय? अन् पासवर्ड त्या लेकराला दिला कुणी? हवेतून तर तिला कळला न्हाई. ते आधी विचारायचं होतं, शील मागून सांगायचं होतं.

काल प्रमोद हिंगोलीहून आला होता. तो याच कामात आहे, म्हणून त्याला पत्र दाखवलं. तो म्हणाला, मामानं पेटी पत्र्याच्या कपाटात कोंडली? त्या लहरी काचेतून सहज जातात, लाकडातूनही जातात, विटांच्या भिंतीतून जाताना दमतात, पण लोखंडी पत्रा आला की तिथंच अडतात. म्हणजे बघ, कपाटाचं तोंड इनायतच्या ओट्याकडं अन् पाठ आपल्याच लेकरांकडं. एका पोरीच्या मोबाईलनं मागच्या खोलीतलं आटत न्हाई, असंही तो म्हणाला.

जा, कपाट उघडून बघ अन् मला कळव. मनाला लावून जेवण सोडू नको, तुझी ती खोड मला ठाऊक आहे. बहीण रागावली तरी तुझीच आहे, हे विसरू नको.

तुझी,
अक्का


कुरुंदा,
२० जून २०२४

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम. कपाट उघडलं. वायर पुरली तेवढी पेटी बाहेर आणली, हातात धरून हॉलमध्ये उभा राहिलो आणि आकांक्षाला मागच्या खोलीत बसवलं. तिनं आतून हाक मारली, आलं म्हणून. मी तसाच उभा राहिलो. पेटी खाली ठेवायचंही सुचेना.

पासवर्ड भिकाबाईनं दिला होता, वंदनेला सगळ्यांच्या आधी येऊन झाडून घेते त्याच म्हातारीनं. तिच्या निराधार पगाराचं मोबाईलवरचं काम गुलनाज करून देते. पोरीनं मागितला नव्हता, मीच दिला, असं ती म्हणाली. अभ्यासिकेच्या फलकावर सर्वांसाठी असं लिहिलंय ना, असंही तिनं मलाच विचारलं. तो फलक मी रंगवला आहे. म्हणजे पोरीनं दिलेलंच घेतलं होतं, आणि मी ते न दिलेलं ठरवलं.

गुलनाजचं नर्सिंग पूर्ण झालं आहे. नांदेडच्या एका दवाखान्यानं तिची मुलाखत मोबाईलवर ठेवली होती, समोरासमोर दिसून बोलायची. ती सोमवारी होती, माझ्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या गल्लीत मोबाईलची रेंज कशी असते ते तू बघितलंस. ऐनवेळी विहाराचं नेट लागेना, म्हणून इनायतभाईनं तिला गाडीवर बसवून बसस्टँडकडं नेलं. तिथल्या कलकलाटात अर्ध्यावर सगळं तुटलं. त्याच दुपारी मी तुला समाधानाचं पत्र लिहीत होतो. आकांक्षानं हे मला भाकरी करता करता सांगितलं, माझ्याकडं न बघता.

ईदला खतीजाभाभी दरवर्षी डबा पाठवतात. या वर्षी आला नाही. इनायतभाई रस्त्यात भेटले, नेहमीसारखं जयभीम म्हणाले, पण थांबले नाहीत. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

वंदनेला उभा राहतो, पण खोटं बोलणार नाही हे शील आलं की जीभ जड होते. मूर्तीकडं मान वर करून बघवत नाही. माझ्या मनात असं आहे की नवा पासवर्ड एका कागदावर लिहावा आणि कुणी नसताना त्यांच्या हाती देऊन माफी मागावी. तुला काय वाटतं ते लिही. जेवतो आहे. माझ्याबद्दल मन आंबट करू नको, एवढंच मागणं.

तुझा,
शेषराव


साखरा,
२६ जून २०२४

चि. शेषरावास,
अनेक आशीर्वाद. कुणी नसताना काहून? बोलायचं भोंग्यावर अन् माफी मागायची कानात, हे कुठलं शील? ज्यांनी ज्यांनी माना डोलावल्या त्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे. पण आधी त्यांच्या घरी जा अन् पोरीला विचार. तिला चालेल तसंच बोल. कागद-बिगद नेऊ नको, भीक घातल्यासारखं दिसतं ते.

प्रमोद येत्या रविवारी तुझ्याकडं येतो आहे, दुसरी पेटी घेऊन. पहिली उंचावर, मधोमध, उघडी ठेवायची. दुसरी तिचा आवाका वाढवते, पण ती अर्ध्या वाटेवर पाहिजे म्हणे. जिथं काही पोचतच न्हाई तिथं ठेवली तर ती बिचारी पुढं काय देणार? मला हे एका दमात कळलं. तुला प्रमोद करून दाखवेल.

घाबरू नको. लाज वाटते हे चांगलं आहे, पण तिला उतरंडीवर बांधून ठेवू नको. माझे आशीर्वाद पाठीशी आहेत.

तुझी,
अक्का


कुरुंदा,
८ जुलै २०२४

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम. तू सांगितलंस तसं केलं. २९ तारखेला, शनिवारी संध्याकाळी इनायतभाईकडं गेलो. भाभीनं खुर्ची दिली, चहा दिला. मी सगळं सांगितलं, कपाट, पत्रा, भिकाबाई, सगळं. इनायतभाई कप हातात फिरवत राहिले आणि शेवटी म्हणाले, पोरगीला विचारा, ऐकून घ्यावं लागलं ते तिला. मी गुलनाजला म्हणालो की उद्या भोंग्यावर माफी मागतो, तुझं नाव येणार नाही याची काळजी घेतो.

ती म्हणाली, "काका, तुमी तेव्हाबी नाव घेतलं न्हाई. तरी पूर्ण गल्लीनं माझ्याकडंच बघितलं. आता नाव घेऊन बोला."

रविवारी नाव घेऊन बोललो. गुलनाजनं काही चोरलं नाही, तिला ते दिलेलं होतं, पेटी मी चुकीच्या जागी ठेवली आणि दोष तिच्यावर टाकला, एवढंच. मध्येच माईक कुईकुई वाजला, थांबलो, पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. या वेळी कुणी मान डोलावली नाही. भिकाबाई तेवढी हो हो करत होती.

प्रमोदनं पेटी हॉलमध्ये उंच लावली, दुसरी मागच्या खोलीच्या दाराबाहेर. आता आतल्या कोपऱ्यातही येतं. समोरच्या ओट्यावर मात्र कमी झालं. मी म्हणालो, अजून एक पेटी खिडकीशी लावू. ते गुलनाजपर्यंत गेलं तेव्हा तिनं नको म्हणून कळवलं. ओट्यावर ती आता बसत नाही. खोली सर्वांसाठी असेल तर खोलीतच येईन, म्हणाली.

दवाखान्याला तिनं स्वतःच लिहिलं होतं, मुलाखत तुटली म्हणून. त्यांनी पुन्हा वेळ दिली, गुरुवारची, नेमकी रोजच्या वंदनेच्या वेळेची. ती आली, चपला बाहेर काढल्या, आणि आकांक्षानं तिला आत नेऊन दार लावून घेतलं. मी भोंगा लावला नाही. आम्ही पाच-सहा जणांनी हळू आवाजात वंदना केली. खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाशी मी अडखळलो, भिकाबाईनं सांभाळून घेतलं. दारामागून पोरीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते आणि मी कळून घेतले नाहीत.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, आज भोंगा काहून बंद होता. ती चपला घालून गेली. निकाल अजून आलेला नाही. डब्याचंही मी काही धरून बसलो नाही.

कपाटात पेटीची जागा रिकामी झाली आहे. तिथं ग्रंथ सरकवू का, असं आकांक्षा विचारत होती. मी राहू दे म्हणालो. मूर्तीकडं मान वर केली की आधी ती जागा दिसते.

तू रागावतेस तशी यापुढंही रागावत जा. तुझ्या पत्राची वाट बघतो.

तुझा,
शेषराव